भोकाचे सहा बोल्ट

दिगंबर गावंडेनं आवळलेला बोल्ट पुन्हा ढिला झाला, असं भोपाळच्या त्या मोठ्या कारखान्यात छत्तीस वर्षांत कोणी म्हटलं नाही. गडी मोर्शीकडचा. अमरावतीला आयटीआय करून फिटर झाला आणि विजेची हत्तीएवढी यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात लागला. टर्बाइनच्या पोटात शिरून पाना फिरवत असला की साहेब बाहेरून विचारायचा, "गावंडे, कितना टाइट किया?" हा आतून म्हणायचा, "साब, अब ये बोल्ट और मैं साथ में रिटायर होंगे." बोल्ट अजून कामावर आहेत. गावंडे साठीला निवृत्त झाला.

मग तीन महिने आनंद नगरातल्या घरी बसला. तेवढ्यात त्यानं दारांच्या बिजागऱ्या, कुकरची मूठ, शेजाऱ्याच्या स्कूटीचा स्टँड असं हाताला लागेल ते आवळून टाकलं. त्याची बायको कुसुम वैतागली. "आता मलेच आवळसान तुमी," ती म्हणाली. "जा बरं कुठी तरी. आनं थो पाना घिऊन जा."

असा तो शहराबाहेरच्या एका संशोधन संस्थेत कंत्राटी तंत्रज्ञ म्हणून गेला. तिथं शैलेंद्र सरांच्या प्रयोगशाळेत अणू पाहायची मशीन होती. बाहेरून पाहावं तर दुधाचे चार-सहा मोठे कॅन आडवेतिडवे जोडून त्यांना काचेच्या खिडक्या बसवल्यासारखी. आत काही नाही. काही नसणं हीच तिची किंमत. आतली हवा पंपांनी ओढून ओढून अशी पोकळी करायची की चांदीच्या तुकड्यावर दिवसभरात धड धूळभर वायूही बसू नये. ती पोकळी राखायची हे गावंडेचं काम. कुसुमला तो सांगे, "जलमभर भरीव वस्तू बनवल्या, आता रिकामं राखाची नोकरी लागली." कुसुम म्हणे, "तुमच्या डोक्याचा अनुभव हाये ना, म्हून घेतलं असन."

मशीनवर शमिका काम करायची. पीएचडीची पोरगी, वडील पुण्याहून बदलीवर आलेले, घर अवधपुरीला. मराठी स्वच्छ, पण दर तिसऱ्या वाक्याला हिंदी येऊन बसायची. गावंडेनं एकदा तिला सरळ विचारलं, "तू यात पाहतं काय, सांग तं खरं."

ती खुर्ची ओढून बसली. "काका, समजा चांदीचा तुकडा आहे. इतका साफ की वरचे अणू ओळीनं बसलेत. त्या वरच्या थरात इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात, एकदम बिनधास्त. आता त्यावर मी रेणू टाकते. लांबट काड्या समजा, दोन्ही टोकांना आकडे. मग कोबाल्ट धातूचे अणू टाकते. तीन-तीन काड्या एका अणूला पकडतात आणि जाळी होते. षटकोनी घरांची."

"विणते कोन?"

"कोणीच नाही. खुद ब खुद. आपण टाकायचं आणि थोडी गरमी द्यायची, बस. मग इलेक्ट्रॉन त्या घरांमध्ये अडकतात. अडकले की त्यांची ऊर्जा चढते. घर लहान तर जास्त चढते. पण भिंती पूर्ण पक्क्या नसतात, शेजारच्या घराशी थोडी ये-जा चालते. त्यातून चांदीत आधी नसलेला नवाच गुण येतो. घराचं माप बदला, गुण बदलतो. माझा सगळा थीसिस इतकाच आहे."

गावंडेनं मान हलवली. "म्हंजे वाफे पाडले म्हन ना. मोकळ्या वावरात पानी सोडलं तं पसरते, बोटभर उभं राहत नाई. वाफे पाडले की तेच पानी चढते. बांध मातीचा, तं उलिसं पानी बाजूच्या वाफ्यात झिरपतेच."

शमिका त्याच्याकडे बघतच राहिली. "काका, हे मला व्हायवाला वापरू द्या."

"वापर. कांद्याच्या वाफ्याचं पेटंट नाई घेतलं आमी."

तर असं सगळं जमून होतं. श्रावणात चांदी तापवायचा आतला स्टँड बिघडला. गावंडेनं मशीन उघडून तो बाहेर काढला, दुरुस्त केला आणि परत बसवताना त्याचं लक्ष बोल्टांकडे गेलं. स्टँडला सहा बोल्ट होते, बाहेरदेशी कंपनीचे. सहाच्या सहांना डोक्यापासून टोकापर्यंत मधोमध बारीक भोक! उजेडात धरलं तर आरपार दिसे. गावंडेच्या कपाळावर आठ्या आल्या. एवढी महाग मशीन आणि असा पोकळ माल? कारखान्यात असा बोल्ट आला असता तर त्यानं पुरवठादाराला गेटाबाहेर उभा केला असता. त्यानं लेथवर बनवलेले भरीव, झकास सहा बोल्ट धुऊन पुसून लावले, आणि असे आवळले की स्टँड जन्माचा बसला. कोणाला सांगायची गरज वाटली नाही. दुरुस्ती म्हणजे दुरुस्ती.

गणपती झाले आणि मशीन रुसली.

पोकळी मोजायचा आकडा घातात असतो. दहाचा उणे अकरावा घात म्हणजे मशीन खूश. तो उणे नवावर येऊन अडला, तो हलेचना. त्या घातालाच नुसतं उणे नऊ, उणे अकरा म्हणायची तिथली रीत, आणि नऊ ते अकरा म्हणजे दोन पायऱ्या नव्हेत, शंभर पटींचा फरक. शमिकाची जाळी फाटकी येऊ लागली. चांदीवर आधीच कुठला तरी कचरा बसलेला, काड्यांना एकमेकींपर्यंत पोचताच येईना. पूर्वी एखाद्या घरावर मशीनची अणूएवढ्या टोकाची सुई थांबवून मोजलं की अडकलेल्या इलेक्ट्रॉनचा नीट सुळका पडद्यावरच्या आलेखात उभा राहायचा, आणि त्याच्या जागेवरून ऊर्जा किती ते कळायचं. आता तिथं नुसती टेकाडं दिसत.

गळती असणार म्हणून गावंडेनं बारीक नळीतून हेलियम वायू सोडत एकेक सांधा तपासला. कुठं फट असेल तर हेलियम आत शिरतो आणि आतला वायू ओळखणाऱ्या उपकरणाचा काटा उडतो. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. काटा उडाला नाही. मशीन चार वेळा उघडून सील बदलले, चार वेळा पुन्हा तापवली. काही नाही.

अशात दिल्लीहून पत्र आलं. एक समिती येणार होती, डिसेंबरातल्या एका गुरुवारी. त्या दिवशी मशीननं स्वच्छ जाळी आणि स्वच्छ सुळका समोर दाखवला तर ठीक, नाही तर ती दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत हलवायची. शमिकाचं तीन वर्षांचं काम तिच्यासोबत पेटीत बंद होणार होतं. तिथं दुसरी पोरं रांगेत होती, हिला कोण वेळ देणार?

आधीच्या गुरुवारी सकाळी शमिका कागद घेऊन आली. "काका, हे बघा. आतमध्ये काय आहे? नायट्रोजन, ऑक्सिजन, थोडा आर्गन. ये तो सीधी हवा है. पण हेलियम जात नाही आत. मग हवा येते कुठून?"

"बाहेरून येत नाई," गावंडे सावकाश म्हणाला, "तं आंदरच कुठी साठून असन."

"आत कुठे साठेल? डबा थोडीच ठेवलाय!"

गावंडे टेबलाकडे वळला. नट शोधायला त्यानं आपल्या टेबलाचा खण ओढला. पुढंच एका डबीत ते भोकाचे बोल्ट पडले होते. स्टीलची वस्तू त्यानं जन्मात फेकली नव्हती.

त्यानं एक उचलला. खिडकीकडे धरला. आरपार उजेड आला.

आणि मग त्याच्या ध्यानात आलं. स्टँडच्या ज्या भोकात बोल्ट बसतो ते तळाशी बंद असतं. बोल्टाचं टोक आणि तळ यांच्यात तिळाएवढी जागा उरते. त्या जागेत हवा. बोल्टाला आरपार भोक असेल तर ती पहिल्याच दिवशी निघून जाते. भरीव असेल, तेही गावंडेनं आवळलेला, तर ती आट्यांच्या वेटोळ्यातून जीव खाऊन रोज उलीशी बाहेर येत राहते. महिनोन्‌महिने. आणि दर वेळी मशीन उघडली की ताजी हवा भरून घेते.

कंपनीनं माल खराब दिला नव्हता. भोक मुद्दाम पाडलं होतं.

त्यानं डबी खिशात घातली, डोकं दुखतं म्हणून सांगितलं आणि स्कूटर काढून घरी गेला. कुसुम गच्चीवर उन्हात मेथी निवडत बसली होती. त्यानं तिला सगळं सांगितलं. बोल्ट तिच्या हातावर ठेवला.

"मंग?" ती म्हणाली.

"मंग काय? कोनाले माईत नाई. सांगतलं तं कंत्राट जाते. छत्तीस वर्साचं नाव जाते."

"आनं नाई सांगतलं तं?"

"मशीन जाते. पोट्टीचं काम जाते."

कुसुमनं मेथीची काडी मोडली. "बोल्ट तुमी लावले, पोट्टीनं नाई लावले. आनं तुमचं नाव म्हनसान तं थे काय दिल्लीच्या लोकायनं ठेवलं व्हय? उठा. भाजी होयेस्तोवर जाऊन या."

गावंडे उठला.

शैलेंद्र सर पडद्यासमोर बसून समितीला दाखवायची जुनी चित्रं लावत होते. शमिका बाजूला. गावंडे म्हणाला, "सर, मशीन उघडा लागते."

सरांनी चष्मा काढला. "गावंडे, सात दिवस राहिलेत. उघडली तर तापवणं, थंड करणं, सगळं पुन्हा. जे आहे ते दाखवू. कशासाठी उघडायची?"

गावंडेनं डबी टेबलावर उपडी केली. बोल्ट खडखडले.

सरांनी एक हातात घेतला आणि त्यांच्या चेहऱ्यावरून सगळं कळलं. "हे बाहेर कसे?"

"म्याच काढले. श्रावणात. भोक दिसलं, म्हून खराब समजलो. भरीव लावले. हवा त्यायच्याच बुडाशी हाये."

शमिका म्हणाली, "काका... सप्टेंबरपासून मी इथे रडतेय."

"हव माय. माह्याच हातानं."

"एकदा विचारता आलं नाही?" सरांचा आवाज चढला. "एकदा? मी शेजारच्या खोलीत असतो!"

"इचाराचं सुचलंच नाई, सर. छत्तीस वर्सं कोनाले इचारलं नोतं." मग तो थांबला नाही. "शिव्या पुढच्या गुरुवारनंतर द्या. आज उघडतो, उद्या बोल्ट बसवतो, शनिवार-रविवार तापवतो, सोमवारी थंड. मंगळवारी आकडा नाई उतरला तं मी सोता मशीन पेटीत भरून देतो, आनं घरी जातो."

सरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. बोटांवर दिवस मोजले. "उघडा," ते म्हणाले.

आता गंमत अशी, की डबीत बोल्ट चारच होते. उरलेले दोन गावंडेनं 'खराब माल' म्हणून प्रयोगशाळेतल्या चहाच्या फळीला लावले होते, आणि तेही असे आवळले होते की काढताना आटे झिजले. शमिकाला एवढ्या रागातही हसू फुटलं. "काका, चायवाली फळी तरी ढिली ठेवायची!"

दोन बोल्ट बनवणं भाग होतं. शुक्रवारी सकाळी तो सोनागिरीला वसंतच्या वर्कशॉपमध्ये गेला. वसंतही कारखान्यातलाच, त्याच्याआधी दोन वर्षं निवृत्त झालेला.

"चांगल्या बोल्टाले भोक पाडतं?" वसंत म्हणाला. "म्हातारपनी चळला काय बे तू?"

"हव, चळलो. लेथ चालू कर."

स्टेनलेस स्टील आणि एक मिलीमीटरचा ड्रिल. जोर दिला की ड्रिल मोडतो, हात सैल केला की स्टील आतून कडक होऊन बसतं. पहिला ड्रिल मोडला. दुसरा मोडला. वसंत टपरीवरून पोहे-जिलेबी घेऊन आला तोवर पाचवा मोडला होता. गावंडेनं जिलेबीकडे पाहिलंही नाही. थोडं आत जायचं, ड्रिल बाहेर काढायचा, चुरा फुंकायचा, तेलाचा थेंब, पुन्हा थोडं आत. छत्तीस वर्षं त्यानं ताकदीचं काम केलं होतं. आज ताकद आवरायचं काम होतं. दुपारी एक वाजता दुसरा बोल्टही उजेडात धरला तेव्हा आरपार एक टाचणीएवढा सूर्य दिसला.

"पाह्य," तो वसंतला म्हणाला.

वसंतनं पाहिलं. "भोक हाये."

"लेका, या भोकात तीन महिने अडकले होते माणसायचे."

बोल्ट तीनदा धुतले, हातमोजे घालून बसवले. आवळताना शमिका शेजारी उभी होती. "काका, बस. बस म्हणते ना!" तो हसला आणि थांबला. मग पंप चालू झाले. मशीनला तापवायच्या पट्ट्या गुंडाळल्या, वरून पोळ्या बांधायच्या कागदासारखी ॲल्युमिनियमची पन्नी लपेटली. शनिवार, रविवार ती आत भाजत राहिली. गावंडे जेवायला घरी जाई आणि कुसुम ताट वाढायच्या आत परत निघे.

मंगळवारी अकराच्या सुमारास सर, शमिका आणि गावंडे आकड्यासमोर उभे होते. उणे नऊ होता. मग उणे दहा झाला. शमिकानं नखं खाल्ली. आकडा दहावर रेंगाळला, थरथरला, आणि उणे अकरावर गेला. गेला तो तिथंच बसला.

गावंडेनं मांडीवर अशी थाप मारली की पलीकडच्या खोलीतली माणसं धावत आली. "बसला का नाई लेकाचा! बसला का नाई!"

बुधवारी शमिकानं चांदी साफ केली, काड्या टाकल्या, कोबाल्ट टाकला, जराशी ऊब दिली आणि द्रव हेलियमच्या थंडीत सुई खाली उतरवली. चित्र ओळीओळीनं येतं, वरून खाली. पहिल्या ओळी सपाट. मग एक कड. मग एक अख्खं षटकोनी घर, त्याला लागून दुसरं, तिसरं, आणि पाऊण तासात पडदाभर पोळं. एकही फाटलेली जागा नाही. उजव्या कोपऱ्यात तेवढं एके ठिकाणी एक काडी बसायची राहिली होती, दोन घरं मधली भिंत नसल्यानं एक झाली होती.

शमिकानं गावंडेच्या हातावर हात ठेवला, आणि झटकन काढून माऊस धरला.

गुरुवारी समिती आली. तिघं होते, त्यात मुख्य कमलिनी मॅडम. केस पांढरे, बोलणं कमी. शमिकानं आधी मोकळ्या चांदीवर मोजून दाखवलं, मग सुई एका घराच्या मधोमध आणली. सुळका उभा राहिला. चांदीच्या जागेपेक्षा वर सरकलेला, बारीक, ताठ. शेजारच्या घरावर गेली, तिथंही तसाच, त्याच जागी. भिंतीवर आणली तर जवळजवळ काही नाही.

"ये तुम्हारी सुई का खेल भी हो सकता है," मॅडम म्हणाल्या. "मैं कैसे मानूँ कि ये घर की वजह से है?"

शमिका गोंधळली. उत्तर तिला येत होतं, पण सुरुवात सुचेना. तेवढ्यात मागून, पंपाजवळून आवाज आला. "मॅडम, वो कोने में देखिए. वहाँ मेड़ टूटी है. दो घर एक हो गए हैं. घर बड़ा, तो पानी नीचे बैठेगा."

सगळ्यांनी मागं पाहिलं. गावंडे हातात पाना घेऊन उभा होता.

"पानी?" मॅडमनी विचारलं.

"इलेक्ट्रॉन," शमिका म्हणाली. "घर बड़ा, तो ऊर्जा कम. चोटी नीचे खिसकनी चाहिए. सुई का खेल होगा तो नहीं हिलेगी."

"दिखाओ."

सुई कोपऱ्याकडे निघाली. खोलीतली सहा माणसं एका रेषेकडे पाहत होती. रेष चढली आणि सुळका उभा राहिला, आधीच्या जागेच्या खाली. चांगला ठसठशीत खाली. मॅडम वाकल्या, दोन्ही आकडे वाचले आणि वहीत लिहिले. मग पुन्हा एकदा मोजायला लावलं. तिथंच आला.

"आपको कैसे पता था?" त्यांनी गावंडेला विचारलं.

"कांदे लगाए हैं, मॅडम."

त्या पहिल्यांदा हसल्या. मग शैलेंद्र सरांना म्हणाल्या, "तीन महीने की रिपोर्ट खराब थी. अचानक ठीक कैसे हुई?"

सरांनी तोंड उघडलं, पण गावंडे पुढं झाला. "मेरी गलती थी. छेदवाले बोल्ट निकाल के ठोस लगा दिए थे. पिछले हफ़्ते समझ में आया, तो बता दिया."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मेरी लैब में भी यही हुआ था. आठ महीने गए. किसने किया, वो आज तक नहीं बोला." त्यांनी वही मिटली. "मशीन यहीं रहेगी. पाँच साल. इनके साथ."

जेवायला जायची वेळ झाली होती. समिती पुढं निघाली. सर दारातून म्हणाले, "गावंडे, चला. शमिका, चल. आज माझ्याकडून." त्याच वेळी गावंडेचा फोन वाजला. कुसुम होती.

"काय झालं?"

"मशीन राह्यली."

"आनं तुमी?"

"मीबी राह्यलो."

"बरं," ती म्हणाली. तिनं लगेच फोन ठेवला.

गावंडेनं सरांना हात जोडले. "तुमी जा, सर. सुई खाली हाये, हेलियम पाच वाजेस्तोवर पुरन. थंड मशीन अशी सोडून जेवाले बसाचं काय? मोज वं शमिका."

शमिकानं खुर्ची पुढं ओढली. सुई पुढच्या घरावर गेली. हेलियम संपेपर्यंत त्या दिवशी तिनं एकतीस घरं मोजली, आणि एकतीसही सुळके ताठ उभे राहिले.